शत्रूने गुपचूप तहाचा निरोप धाडला तर दोस्ताला कधी सांगायचं? (इटली, १९४५)

कोरेगावचा_बाळ्या

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमच्या गावच्या घरी माजघरात एक फोटो आहे, आजोबांच्या थोरल्या भावाचा, आम्ही सगळे त्यांना फौजीआबा म्हणायचो. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले. फोटोखाली खिळ्याला त्यांचं इटली स्टार टांगलेलं असतं, रिबनचा रंग पार उडालाय. आबा लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत, पण एक वाक्य ठरलेलं, "नदीचा बांध तुझ्या चौपट उंच, आन् वर सुरुंग पेरलेलं." ती नदी म्हणजे सेनिओ हे मला आत्ता आत्ता कळलं. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच लढाई, ९ एप्रिल १९४५.

तर तो दिवस शोधायला गेलो आणि भलतंच हाती लागलं. त्याच्या महिनाभर आधी इटलीतला एसएसचा (नाझींच्या खास निमलष्करी दलाचा) सगळ्यात वरचा अधिकारी, कार्ल व्होल्फ, स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकनांना गुपचूप भेटला होता, म्हणे इटलीतली सगळी जर्मन फौज शरण आणून देतो. आणि यावरून स्टॅलिन-रूझवेल्टमध्ये एवढं वाजलं की पत्रांमध्ये एकमेकांना खोटारडं म्हणायचंच तेवढं बाकी राहिलं.

माझं डोकं इथे अडकलंय. तिघं मिळून एकाशी लढताय, आणि तो एक तुमच्यातल्या एकाच्या कानाला लागला, तर बाकीच्यांना सांगायचं कधी? पहिला निरोप आला की लगेच, का निरोप्या खरा की लबाड याची खात्री करून? अमेरिकनांनी लपवलं होतं का खरंच? आणि थोडा स्वार्थी प्रश्न, हे लवकर जमलं असतं तर ९ एप्रिलची ती नदी आबांना ओलांडावी लागली नसती का?

रात्रपाळी

लपवलं नव्हतं. पण सांगितलं ते अशा पद्धतीने की लपवलेलं परवडलं असतं. रात्रपाळीला आहे, वेळ आहे, सविस्तर टंकतो.

सुरुवात फेब्रुवारीच्या शेवटी. परिली नावाचा एक इटालियन बॅरन, धंदेवाला माणूस, स्विस गुप्तचर खात्यातल्या वाइबेल नावाच्या मेजरपर्यंत पोचला आणि वाइबेलने त्याची गाठ ॲलन डलेसच्या माणसांशी घालून दिली. डलेस म्हणजे अमेरिकन हेरखात्याचा, ओएसएसचा, बर्नमधला माणूस, १९४२च्या नोव्हेंबरपासून तिथे ठाण मांडून बसलेला. असे निरोप घेऊन येणारे त्याच्या दारात अधूनमधून उगवायचेच, त्यामुळे त्याने आधी खुंटा हलवून बघितला. ३ मार्चला लुगानोला एसएसची दोन माणसं आली, त्यांच्या हातात दोन नावं लिहिलेली चिठ्ठी दिली, पार्री आणि उस्मियानी. दोघंही इटालियन प्रतिकार चळवळीतले, जर्मनांच्या तुरुंगात. तुमचा साहेब खरंच एवढा मोठा असेल तर या दोघांना सोडून दाखवू दे. पाच दिवसांत दोघं स्विस हद्दीत. (यातला फेरुच्चो पार्री पुढे जूनमध्ये इटलीचा पंतप्रधान झाला, चिठ्ठीतलं नाव काय साधंसुधं नव्हतं.) ८ मार्चला व्होल्फ स्वतः झुरिकला डलेससमोर हजर.

आता तुमचा प्रश्न. १२ मार्चला मॉस्कोतला अमेरिकन राजदूत हॅरिमनने सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हला कळवलं. म्हणजे व्होल्फ भेटल्यापासून चार दिवस, यात उशीर झाला असं मी तरी म्हणणार नाही. मोलोटोव्ह म्हणाला काही हरकत नाही, फक्त आमचेही अधिकारी बसतील. संपलं की हो! पण नाही. हॅरिमन आणि तिथला लष्करी प्रतिनिधी डीन यांनीच वॉशिंग्टनला कळवलं की नको म्हणा, आपण पूर्व आघाडीवर असं काही मागितलं असतं तर यांनी आपल्याला उभं तरी केलं असतं का. मग उत्तर गेलं की स्वित्झर्लंडमध्ये फक्त भेट ठरवायची बोलणी आहेत, खरी शरणागती इटलीतल्या दोस्त फौजांचा सेनापती फील्ड मार्शल अलेक्झांडरच्या मुख्यालयात कासेर्ताला होईल, तिथे या. मोलोटोव्हने १६ तारखेला ठणकावलं की बोलणीच बंद करा. आणि १९ तारखेला स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनाला दोन दोस्त जनरल व्होल्फला भेटले!! लेम्निट्झर आणि एअरी. सांगा आता, मॉस्कोत बसलेल्या माणसाने काय समजायचं.

२२ मार्चला मोलोटोव्हचं पत्र, की युद्धाचा मुख्य भार वाहणाऱ्या सोव्हिएत सरकारच्या पाठीमागे दोन आठवडे बोलणी चाललीत. १ जानेवारी १९४२च्या जाहीरनाम्यात सगळ्यांनी लिहून दिलं होतं की शत्रूशी वेगळा तह किंवा शस्त्रसंधी कोणी करणार नाही, त्यावर आपल्या हिंदुस्थानचीही सही आहे बरं का.

माझं मत, कळवण्यात चूक नव्हती, खुर्ची नाकारण्यात होती. नुसतं "कळवतो" म्हणणं म्हणजे लग्न ठरल्यावर भावाला पत्रिका पाठवण्यासारखं, भाऊ विचारणार बैठकीला का नाही बोलावलंत.

शंकेखोर_शिरीष

रात्रपाळीभाऊ, माहिती झकास पण निष्कर्ष पटला नाही. खुर्ची द्यायची म्हणजे कुठे द्यायची हो? त्या वेळी स्वित्झर्लंड आणि सोव्हिएत युनियन यांचे राजनैतिक संबंधच नव्हते, ते १९४६ साली जुळले. लाल सेनेचा जनरल झुरिकच्या स्टेशनावर उतरवायचा कसा? अहो लेम्निट्झर आणि एअरी या दोन जनरल लोकांनासुद्धा अमेरिकन सार्जंटचे बिल्ले गळ्यात अडकवून आत न्यावं लागलं आणि एअरीने तिथे एक डॅक्सहुंड कुत्रा विकत घेतला, का तर इंग्रज माणूस कुत्रा घ्यायला आला म्हटलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. अशा ठिकाणी तीन रशियन नेले असते तर दुसऱ्या दिवशी बर्लिनला बातमी आणि व्होल्फ भिंतीला उभा.

आणि रूझवेल्टचा मुद्दा कायद्याने बरोबर होता की. त्याने लिहिलं की हे म्हणजे कोनिग्सबर्ग किंवा डॅन्झिगला तुमच्या जनरलपुढे कुणी पांढरं निशाण घेऊन यावं तसं आहे, रणांगणावरची शरणागती, राजकीय तह नव्हे. तिथे तुम्ही आम्हाला विचारून थांबला असता का?

स्टॅलिनचा आरोप तरी काय होता बघा. २९ मार्चला म्हणाला या बोलण्यांच्या आडून जर्मनांनी इटलीतून तीन डिव्हिजन आमच्या अंगावर आणल्या. रूझवेल्टने उत्तर दिलं की त्यातली शेवटचीसुद्धा २५ फेब्रुवारीच्या सुमारास हलली, तेव्हा या भानगडीचा कुणाला वासही नव्हता. यावर माणूस गप्प बसेल ना? ३ एप्रिलला पुढचं पत्र, पश्चिम आघाडीवरचा जर्मन सेनापती केसेलरिंगने आघाडी उघडून द्यायची आणि बदल्यात तुम्ही जर्मनांना सौम्य अटी द्यायच्या असं ठरलंय, आणि तुम्हाला तुमच्या लोकांनी सांगितलं नसेल! म्हणजे राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सांगायचं की एक तर तू खोटं बोलतोस नाहीतर तुझी माणसं तुला फसवतात. रूझवेल्टही भडकला, तुमच्या खबऱ्यांनी माझ्याबद्दल आणि माझ्या माणसांबद्दल जे नीच खोटं पसरवलंय त्याचा मला तीव्र संताप आहे असं सरळ लिहिलं. मरणाच्या दारातला माणूस तो, आठ दिवसांत गेला.

रात्रपाळी

शिरीष, स्विस संबंधांचा मुद्दा मान्य, मी लिहायला विसरलो. पण आस्कोनाला नसेना का, कासेर्ताला तरी पहिल्या दिवसापासून रशियन अधिकारी बसवून ठेवता आला असता, रोज संध्याकाळी त्याला तारा दाखवायच्या. ते "या" म्हणाले ते कसं, तर पाहुणा म्हणून, मागच्या रांगेत. १९४३ला इटली शरण आली तेव्हाही रशियाला असंच बाजूला बसवलेलं, ती सल होतीच.

आणि स्टॅलिनचं ७ एप्रिलचं पत्र वाचाच. आधी म्हणतो तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला कधी शंका नव्हती, आणि मग जर्मनांचं उदाहरण देतो, झेम्लेनित्से नावाच्या चेकोस्लोवाकियातल्या कुठल्याशा जंक्शनसाठी ते आमच्याशी जिवावर उदार होऊन लढतात, ज्याचा त्यांना मेलेल्याला पोटीस लावावं तेवढाच उपयोग, आणि मानहाइम, कासेलसारखी मोठी शहरं मात्र तुम्हाला न लढता देऊन टाकतात, हे विचित्र नाही वाटत? निष्कर्ष चुकीचा होता, जर्मन रशियनांना घाबरून पश्चिमेकडे शरण जात होते, त्याला करार लागत नाही. पण त्याच्या खुर्चीत बसून बघितलं तर जे दिसत होतं ते तसंच दिसत होतं ना.

मोडीवाचक

धागा इटलीचा आहे पण राहवत नाही. आपल्याकडे हा खेळ १६० वर्षं आधी होऊन गेलाय आणि तिथे खुर्चीत नाना फडणवीस होते.

१७८० साली इंग्रजांविरुद्ध चौघांची फळी, पुणे दरबार, म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले. वॉरन हेस्टिंग्ज कलकत्त्यात बसून काय करतो, तर एकेक वीट काढतो. निजामाला गुंटूर परत दिलं, तो थंड. मुधोजी भोसल्यांना पैसा चारला, त्यांची फौज बंगाल्याच्या वाटेवर जी रेंगाळली ती रेंगाळलीच. मग जनरल गॉडर्डमार्फत पुण्याला तहाचा निरोप आला. नानांचं उत्तर काय? हैदर ज्यात नाही असा तह आम्हाला नको. बघा, निरोप आला म्हणून दोस्ताला नुसतं कळवणं नाही, दोस्ताला तहात घाला अशी अटच.

मग इंग्रजांनी दुसरं दार ठोठावलं, महादजी शिंद्यांचं. महादजींना उत्तरेत मोकळे हात हवे होते, नाना आणि महादजींचं आपसातलं प्रेम तर तुम्हाला ठाऊकच आहे. १७ मे १७८२, ग्वाल्हेरजवळ सालबाई, इंग्रजांकडून अँडरसन, पेशव्यांच्या वतीने महादजी. आणि त्या तहात कलम काय, तर हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नवाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत परत द्यावा, कैदी सोडावेत, आणि हे त्याच्याकडून करवून घेण्याची जबाबदारी पेशव्यांची! कालपर्यंत ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढलो त्याच्याच मानगुटीला धरायचं.

नानांनी काय केलं? काही नाही. मोहोरच उठवली नाही. कागद पुण्यात पडून. हेस्टिंग्जने जूनमध्येच मान्यता देऊन टाकली होती तरी नाना आज करतो, उद्या करतो. कारण तहावर सही झाली नाही तोवर हैदरशीही बोलता येतं आणि इंग्रजांकडूनही काही ओढता येतं. ७ डिसेंबर १७८२ला हैदर वारला, डाव संपला, आणि मग कुठे कागद हलले, देवघेव पुरी व्हायला १७८३चा फेब्रुवारी उजाडला. माझ्या मते नाना साधू वगैरे नव्हते, हैदरच्या प्रेमापोटी केलं असंही नाही, टिपूला तर पुढे वाऱ्यावरच सोडलं. पण हातात आलेला तह वापरायचा कसा हे त्या माणसाला कळत होतं. शत्रूने तहाचा हात पुढे केला म्हणजे त्याला तुमच्या फळीत फट दिसलीय, एवढं ओळखलं तरी अर्धं काम झालं.

(योगायोग बघा, ९ एप्रिलला सेनिओवर ज्या दुसऱ्या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याचं नाव अली हैदर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचा.)

शंकेखोर_शिरीष

मोडीवाचक, सालबाई आणि सनराइज (व्होल्फच्या बोलण्यांचं अमेरिकन सांकेतिक नाव) एका तागडीत? तिथे एका दोस्ताच्या घरातच दोन चुली होत्या.

मोडीवाचक

इथे नव्हत्या का? २० एप्रिलला वॉशिंग्टनच्या लष्करप्रमुखांनी डलेसला हुकूम दिला की संपर्क तोडा, रशियाशी फार ताणलं गेलंय. आणि दोनतीन दिवसांत व्होल्फ सही करायला तयार असलेल्या दोन अधिकाऱ्यांना घेऊन स्वित्झर्लंडमध्ये दाखल! डलेस त्यांना भेटू शकत नाही, हाकलूही शकत नाही, मग वाइबेलने आपल्या पातळीवर त्यांना थोपवून धरलं. याला चूल एकच म्हणायची असेल तर म्हणा.

ठाण्याची_काकू

मी आपली शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. मूळ प्रश्न "कधी सांगायचं" असा आहे ना बाळ्या, तर त्याच वर्षातलं दुसरं उदाहरण शेजारी ठेवून बघ, पटकन कळतं.

२३ एप्रिलच्या रात्री ल्युबेकच्या स्वीडिश वाणिज्य दूतावासात एसएसचा प्रमुख हिमलर स्वीडिश रेड क्रॉसच्या काउंट बर्नाडोटना भेटला, दिवे गेलेले, मेणबत्तीच्या उजेडात. म्हणाला पश्चिमेकडे मी शरण येतो, पूर्वेला मात्र लढत राहणार. म्हणजे सरळसरळ पाचर मारायचा प्रयत्न. निरोप लंडन-वॉशिंग्टनला पोचला, २५ तारखेला चर्चिल आणि ट्रूमन फोनवर बोलले आणि लगोलग स्टॅलिनला सगळं कळवलं, वर उत्तरही ठरवून टाकलं की शरण यायचं तर तिघांनाही, एकदम, बिनशर्त. स्टॅलिन एवढा खूश झाला की चर्चिलला गोड पत्र. बर्नच्या भानगडीचे ओरखडे अजून ताजे होते म्हणून तर एवढी घाई केली ना! बातमी २८ तारखेला फुटली, हिटलरला बंकरात कळली, त्याने हिमलरला सगळ्या पदांवरून काढून टाकलं. म्हणजे शत्रूच्या गटात पाचर बसली ती अशी.

आता अगदी उलटं उदाहरण पाहिजे तर १९१७. ऑस्ट्रियाचा सम्राट कार्लने आपल्या मेहुण्याच्या, प्रिन्स सिक्स्टसच्या हातून फ्रान्सला गुप्त पत्र पाठवलं, अल्सेस-लोरेनवरचा तुमचा हक्क रास्त आहे वगैरे. फ्रान्स-ब्रिटनला मोह झाला, पण इटलीला काय सांगणार? इटलीला तर १९१५च्या लंडन करारात ऑस्ट्रियाचाच मुलूख कबूल करून युद्धात ओढलेलं. १९ एप्रिल १९१७ला इटलीचा परराष्ट्रमंत्री सोनिनो समोर बसला होता आणि पत्राचं नाव न काढता हे त्याची चाचपणी करत होते, ऑस्ट्रियाशी तह झाला तर कसं काय. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. सोनिनोने साफ नाही म्हटलं आणि विषय संपला. वर्षभराने ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्याने भाषणात फुशारकी मारली की फ्रान्सच आमच्याकडे आला होता, तर फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमेन्सोने ते पत्रच छापून टाकलं. मेहुण्याच्या हातून पाठवलेलं घरगुती पत्र पेपरात! सम्राटाला जर्मनीपुढे नाक घासायची वेळ आली.

तेव्हा मला विचारशील तर, निरोप आणणाऱ्याला जे हवंय ते दोस्ताच्या खिशातून द्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी सांग. ते तुझ्याच खिशातलं असेल तर चार दिवस थांबलास तरी चालतं. व्होल्फच्या वेळी घोळ झाला कारण अमेरिकनांना वाटत होतं इटली आपल्या खिशातली आहे आणि स्टॅलिनला वाटत होतं तिथून सुटलेली प्रत्येक तुकडी माझ्या माथ्यावर येणार.

रात्रपाळी

काकू, खिशाचं लई भारी. एक राहिलंय ते सांगून झोपतो, शिफ्ट संपली.

रूझवेल्टने शेवटी स्टॅलिनला एक समेटाचं पत्र लिहिलं, की बर्नचं प्रकरण आता मागे पडलंय आणि असे "किरकोळ" गैरसमज पुन्हा होऊ नयेत. हॅरिमनने मॉस्कोत ते पत्र हातात धरून ठेवलं आणि उलट तार केली, साहेब तो "किरकोळ" शब्द काढू का, इथे काय किरकोळ नव्हतं. उत्तर आलं की काढू नका, मला ते किरकोळच समजायचं आहे. त्याच दिवशी, १२ एप्रिलला, वॉर्म स्प्रिंग्जला रूझवेल्ट गेला.

शंकेखोर_शिरीष

यावर मात्र काही बोलत नाही.

फक्त व्होल्फबद्दल कुणाला गहिवर येऊ नये म्हणून सांगतो, हा माणूस वर्षानुवर्षं हिमलरचा उजवा हात होता. या कामगिरीच्या जोरावर न्यूरेंबर्गमधून सुटला आणि मग १९६४ साली म्युनिकच्या कोर्टाने ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत धाडल्याबद्दल १५ वर्षं दिली. त्याला इटलीतल्या पोरांचा जीव वाचवायचा नव्हता, स्वतःची मान सोडवायची होती.

कोरेगावचा_बाळ्या

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं काय? लवकर जमलं असतं का?

रात्रपाळी

झोपलो नाही अजून. बाळ्याभाऊ, खरं सांगायचं तर अवघड होतं. बोलणी चालू असतानाच इटलीतला जर्मन सेनापती केसेलरिंग याला उचलून पश्चिम आघाडीवर पाठवलं, त्याच्या जागी फिटिंगहॉफ आला, व्होल्फला सगळं पुन्हा पहिल्यापासून. मध्ये हिमलरने त्याला बोलावून घेतलं, तिकडे हिटलरसमोरही उभं राहावं लागलं. रशियाशी भांडण झालं नसतं तरी ९ एप्रिलच्या आत जर्मन सैन्य खाली बसलं असतं असं मला नाही वाटत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याबद्दल विचाराल तर हो, २० ते २७ हे दिवस निव्वळ वाया गेले, बोलणी बंद आणि गोळीबार चालू. २७ला परवानगी परत मिळाली, २९ला कासेर्ताला सह्या झाल्या, आणि त्या खोलीत सोव्हिएत जनरल किस्लेन्को बसला होता. बसला, बघितलं, काही आभाळ कोसळलं नाही. २ मेच्या दुपारपासून इटलीत बंदुका थांबल्या, बाकी युरोपच्या आधी जेमतेम आठवडाभर.

कोरेगावचा_बाळ्या

म्हणजे आबा ज्या दिवशी नदीत होते त्या दिवशी हे सगळं पत्रापत्रीतच होतं. ठीक आहे. जाधवांबद्दल वाचलं, कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई होते ते, दोन जखमींना पाण्यातून, बांधावरून, सुरुंगातून पाठीवर काढलं आणि मग मशीनगनची तीन ठाणी मोडली, बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी दिली. आबांनी ती आरोळी ऐकली असेल का माहीत नाही, कधी विचारलं नाही आम्ही.

पुढच्या वर्षी बहीण कामानिमित्त बोलोन्याला जाणार आहे. तिकडे आपल्या लोकांचं काही आहे का बघण्यासारखं?

मोडीवाचक

आहे ना. बोलोन्याहून रेल्वेने फोर्लीला जा म्हणावं, तिथे भारतीय सैन्याची वेगळी युद्ध स्मशानभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारकही. जाधव आडनावाचे, शिंदे आडनावाचे, सगळे सापडतील. जाताना पाण्याची बाटली आणि टोपी न्यायला सांगा, उन्हाळ्यात तिकडे आपल्या नगरसारखंच तापतं.